मूत्रपिंडदाह, संप्रेरके आणि केसपेपर

ल्यूपस या विकारात, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर उलटते त्या आजारात, प्रजननक्षम वयात एका पुरुषामागे सुमारे नऊ स्त्रिया आजारी पडतात. पाळी सुरू होण्यापूर्वी आणि रजोनिवृत्तीनंतर ही तफावत बरीच कमी होते. एक्स गुणसूत्राचाही यात वाटा असला, तरी संप्रेरकांकडे बोट दाखवणारी ही आकडेवारी मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना विद्यार्थिदशेपासून पाठ असते. असे असूनही ल्यूपस नेफ्रायटिसच्या, म्हणजे ल्यूपसमुळे होणाऱ्या मूत्रपिंडदाहाच्या, रुग्णाचा केसपेपर उघडला, तर क्रिएटिनिन, लघवीतील प्रथिने, कॉम्प्लिमेंटची पातळी आणि बायोप्सीतील वर्ग हे सारे नीट नोंदलेले आढळते आणि पाळी, गर्भनिरोधन, थायरॉईड यांच्या रकान्यात बहुधा आडवी रेघ असते.

या उदासीनतेमागे इस्ट्रोजेनच्या दुहेरी वागण्याचाही हात असावा. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसते की, ज्या बी पेशी स्वतःच्याच ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात आणि म्हणून घडणीच्या काळातच नष्ट व्हायला हव्यात, त्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोलॅक्टिन ही दोन्ही संप्रेरके तगून राहण्यास मदत करतात. मात्र मूत्रपिंडातील मेसँजियल पेशींवर, म्हणजे ग्लोमेरुलसच्या केशिकांना आधार देणाऱ्या पेशींवर, इस्ट्रोजेनचा परिणाम याच्या उलट होतो: ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा या व्रण निर्माण करणाऱ्या प्रथिनाची क्रिया ते रोखते आणि कोलॅजेन साचणे कमी करते. मेंब्रेनस नेफ्रोपथीत पुरुषांचे मूत्रपिंड स्त्रियांच्या तुलनेत लवकर निकामी होते, आणि ल्यूपस झालेल्या मोजक्या पुरुषांमध्येही मूत्रपिंडाला इजा अधिक प्रमाणात आढळते, या निरीक्षणांशी हे जुळते. एकच रेणू दाह पेटवतो आणि त्या दाहाने होणारी तंतुमयता आवरतो, हे लक्षात घेतले की संप्रेरकाचा विचार पेशी आणि आजाराची अवस्था यांना सोडून करता येत नाही.

ल्यूपसच्या रुग्णांना इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्या सरसकट नाकारण्याची प्रथा 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेलेना चाचणीने मोडीत काढली. 183 स्त्रियांच्या या चाचणीत गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आजार उफाळण्याचे प्रमाण वाढले नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या संप्रेरक उपचाराच्या दुसऱ्या चाचणीत सौम्य ते मध्यम उद्रेक मात्र काहीसे वाढले. पहिल्या चाचणीचा निष्कर्ष उत्साहाने सांगितला जातो. तीत फक्त आजार निवलेल्या किंवा स्थिर असलेल्या स्त्रिया होत्या आणि रक्त गोठण्याचा धोका वाढवणाऱ्या फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांच्या रुग्णांना वगळले होते, ही अट तितक्या आवर्जून सांगितली जात नाही. सक्रिय नेफ्रायटिसच्या स्त्रीला त्या चाचणीच्या आधारावर संयुक्त गोळी लिहून देणे म्हणजे न केलेल्या प्रयोगाचा हवाला देणे होय.

महाराष्ट्रात याहून मोठी अडचण औषधाच्या दुकानातून येते. गणपती, नवरात्र किंवा घरचे लग्न तोंडावर आले की पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या 5 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून तीनदा घेतल्या जातात. त्यासाठी चिठ्ठी लागते याची अनेक घरांत कल्पनाही नसते. हे संप्रेरक प्रोजेस्टेरॉनच्या जातीचे असले तरी त्याचा काही अंश शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑलमध्ये बदलतो, आणि दिवसाला 10 ते 20 मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉनमधून होणारी ही मात्रा 20 ते 30 मायक्रोग्रॅमच्या गर्भनिरोधक गोळीच्या जवळपास पोचते. ज्या रुग्णाच्या लघवीतून अल्ब्युमिनबरोबर अँटिथ्रोम्बिनही वाहून जात आहे, तिच्यासाठी मूत्रपिंडाच्या शिरेत गुठळी होण्याच्या आधीच वाढलेल्या जोखमीत ही भर पडते. ‘कुठली औषधे घेता?’ या प्रश्नाला या गोळीचे नाव उत्तरात येत नाही, कारण ती औषध समजली जात नाही. तिच्याबद्दल नेमके विचारावे लागते.

रोज लिहून दिले जाणारे प्रेडनिसोलोन हेही संप्रेरकाचेच कृत्रिम रूप आहे, याचा विसर तर आणखी सहज पडतो. अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यांगातील संप्रेरकांवरील संशोधनासाठी केंडल, राइकस्टाइन आणि हेंच यांना 1950 चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यानंतरच्या सात दशकांत हे औषध हातात इतके रुळले की त्याच्या मात्रेविषयी शंका घेणेच मागे पडले. प्रेडनिसोलोन रक्तात अल्ब्युमिनला चिकटून फिरते, अल्ब्युमिन दर डेसिलिटरमागे 2.5 ग्रॅमच्या खाली गेलेल्या रुग्णात मुक्त अंश वाढतो आणि त्याच मात्रेने दुष्परिणाम अधिक होतात. आयजीए नेफ्रोपथीवरील टेस्टिंग या चाचणीत, जीत भारतीय रुग्णही होते, मिथिलप्रेडनिसोलोनच्या मूळ मात्रेने गंभीर जंतुसंसर्ग वाढल्याने ती मात्रा थांबवून कमी मात्रा आणि को-ट्रायमॉक्साझोलचे संरक्षण असा बदल करावा लागला. ल्यूपस नेफ्रायटिससाठीच्या 2024 च्या केडिगो मार्गदर्शक तत्त्वांतही शिरेतून द्यायची मात्रा 0.25 ते 0.5 ग्रॅमपर्यंत, एक ते तीन दिवस, अशी खाली आली आहे. मात्रा कमी झाली तरी महिनोन्महिने घेतलेल्या गोळीने रुग्णाची स्वतःची अधिवृक्क ग्रंथी झोपी जाते, आणि चेहरा सुजला म्हणून गोळी परस्पर बंद करणारी रुग्ण उलट्या, अशक्तपणा आणि खालावलेला रक्तदाब घेऊन परतते तेव्हा त्याला आजाराचा उद्रेक समजण्याची चूक होऊ शकते.

ल्यूपस नेफ्रायटिसमध्ये स्टेरॉइडच्या जोडीला दिल्या जाणाऱ्या सायक्लोफॉस्फामाइडच्या बाबतीत संप्रेरकांचा प्रश्न उलट दिशेने, म्हणजे उपचाराने अंडाशय निकामी होण्याच्या रूपाने येतो; वय आणि एकूण मात्रा यांबरोबर हा धोका वाढतो. दर पंधरवड्याला 500 मिलिग्रॅमच्या सहा मात्रा, एकूण 3 ग्रॅम, या युरो-ल्यूपस पद्धतीत तो बराच कमी राहतो. दरमहा मोठ्या मात्रा द्यायच्या असतील तर अंडाशयाला तात्पुरती विश्रांती देणारे ल्युप्रोलाइडचे इंजेक्शन आधी द्यावे लागते. मात्र सुरुवातीला ते अंडाशयाला उत्तेजनच देत असल्याने सायक्लोफॉस्फामाइडच्या साधारण 10 ते 14 दिवस आधीची वेळ गाठावी लागते, आणि क्रिएटिनिन रोज चढत असताना तेवढी सवड नसते. अशा वेळी पहिली मात्रा थांबवू नये, ल्युप्रोलाइड पुढच्या दोन मात्रांच्या मधल्या काळात सुरू करावे आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला बायोप्सीचा अहवाल येण्यापूर्वीच बोलावून घ्यावे.