भरमारची गोळी भरकटते कशी?

मुलांनो, गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडचा डोंगर आहे. आज त्याचं नाव निघतं ते तिथल्या लोहखनिजामुळे. पण या भागातल्या बातम्या वाचताना आणखी एक शब्द वरचेवर भेटतो, भरमार. 'पोलिसांनी भरमार बंदूक जप्त केली', 'गावकऱ्यांनी भरमार जमा केल्या' वगैरे. ही कसली बंदूक?

नावातच सगळं आलं. आधी भर, मग मार! नळीच्या तोंडातून दारू ओतायची (ही बंदुकीची दारू बरं का, सोरा, गंधक आणि कोळसा यांची), वर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा, मग छर्रे किंवा गोळी, आणि हे सगळं लांब गजाने ठासायचं. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जंगलातले जुने शिकारी अशाच बंदुका वापरत. आता रानातल्या शिकारीला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, आणि 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय भरमार जवळ ठेवणंही गुन्हा आहे. गंमत म्हणूनसुद्धा हिच्या वाटेला जायचं नाही. ती दारू एका ठिणगीने भडकते.

मात्र भरमारवाल्या शिकाऱ्याला जनावराच्या अगदी जवळ जावं लागे, कारण लांबून गोळी भरकटायची. तिला सरळ जायला काय होतं?

इथे आपल्या मदतीला एक खेळणं येतं. सूरजागडच्या पूर्वेला छत्तीसगडचा बस्तर भाग आहे. तिथल्या जगदलपूरला गोंचा सणात, म्हणजे रथयात्रेच्या दिवसांत, पोरं बांबूची 'तुपकी' उडवतात. आपल्या मराठीतला तुपक तो हाच. पोकळ बांबूत मालकांगुणीचं हिरवं फळ घालायचं, मागून काठी रेटायची, की 'फट्' आवाज होऊन फळ उडतं. फळ नळीत घट्ट बसलं तरच! सैल असेल तर हवा बाजूने निसटते आणि आपला फुसका बार.

बंदुकीचंही तसंच. इंग्रजांच्या जुन्या 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी आतून सुमारे 19 मिलिमीटर रुंद होती आणि गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची. म्हणजे गोळी नळीत खुळखुळायची. बार उडाला की ती कधी या भिंतीवर, कधी त्या भिंतीवर आपटत बाहेर पडे. शेवटची आपट जिकडे लागली त्यावर तिची दिशा ठरे. शंभर पावलांपलीकडे नेम धरणं म्हणजे देवावर हवाला.

मग गोळी घट्टच का नाही करायची? अडचण काजळीची होती. त्या काळ्या दारूचा जळून निम्म्याहून जास्त भाग घन स्वरूपात मागे उरतो. चार-पाच बारांत नळीत राप बसतो आणि घट्ट गोळी खाली उतरतच नाही. राप मऊ राहावा, गोळी सरकावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावत. इतिहासाच्या पुस्तकातली 1857 ची 'चरबी लावलेली काडतुसं' ती हीच! एका कागदी पुडीत मोजून दारू आणि पुढे गोळी. पुडी दातांनी फाडायची, म्हणून ती चरबी गाईची की डुकराची हा प्रश्न शिपायांच्या धर्माशी येऊन भिडला. त्या उठावाची आग 1858 मध्ये चांद्याच्या जंगलातही पोचली. गोंड वीर बाबुराव शेडमाके कंपनी सरकारशी लढले, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चांद्याला फाशी देण्यात आलं.

ती काडतुसं ज्या एनफील्ड रायफलीसाठी होती, तिच्यात युक्ती मोठी झकास होती. नळीच्या आत तीन पेचदार खाचा, आणि लांबट गोळीच्या बुडाला पोकळी. फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या गोळीवरून घेतलेली ही कल्पना. आत जाताना गोळी सैल; पण बार उडाला की धुराच्या दाबाने तिचं मऊ शिशाचं बूड फुगतं, खाचांत घट्ट रुततं आणि गोळी गरगर फिरत बाहेर पडते. नळी 39 इंची आणि खाचांचा एक पूर्ण वेढा 78 इंचांचा, म्हणजे बाहेर पडेपर्यंत फक्त अर्धी गिरकी! तेवढ्याने ती भोवऱ्यासारखी तोल सांभाळते.

पुढे नेमबाजांनी ठासणीच्याच रायफलीने 1000 यार्डांवर, म्हणजे 914 मीटरवर, स्पर्धा सुरू केल्या. आता खरी करामत बंदुकीइतकीच गोळीच्या तयारीत होती. ओतलेल्या गोळीत हवेचा बुडबुडा राहिला तर ती फिरताना डगमगणार, म्हणून तसली गोळी बाद. प्रत्येक गोळी तराजूत तोलायची आणि दारूही सोनाराच्या काटेकोरपणाने. एवढी कटकट कशाला? जरा हिशेब करू. तेवढं अंतर कापायला गोळीला ढोबळमानाने 3 सेकंद लागत. तेवढ्यात गुरुत्वाकर्षण तिला 44 मीटर खाली ओढतं, चौदा मजली इमारतीएवढं! म्हणून नेम तितका वर धरायचा. पण दारू किंचित कमी पडून वेग शंभरात एकाने घटला, तर गोळी जवळजवळ एक मीटर खाली लागणार. निशाणाचा मधला चौकोनच मुळी साधारण तेवढा.

26 सप्टेंबर 1874 रोजी न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर इथे आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. आयरिश नेमबाजांच्या रायफली ठासणीच्या, अमेरिकनांच्या मागून भरायच्या. 800, 900 आणि 1000 यार्ड अशी तीन अंतरं. अमेरिकेचा शेवटचा बार उरला तेव्हा आयर्लंड एका गुणाने पुढे होतं. तो बार जॉन बोडाइनचा. सोड्याची बाटली फुटून त्याचा हात नुकताच कापला होता. हाताला रुमाल गुंडाळून त्याने नेम धरला आणि थेट मधोमध मारला, 4 गुण. अमेरिका 934, आयर्लंड 931.

आता आयर्लंडच्या मिलनरची गंमत ऐका. गोळी तोललेली, दारू मोजलेली, नेम अचूक, आणि गोळी बरोब्बर मधोमध लागली. फक्त निशाण शेजारचं होतं. त्याचे गुण मिळाले शून्य.