धोट्याची गोष्ट कोण लिहिणार?

धंतोलीतून लोहापुलाखालून कॉटन मार्केटकडे निघाले, की पुढे गांधीसागराजवळ एम्प्रेस मॉल लागतो. सणासुदीला आपली लेकरे तेथल्या सरकत्या जिन्यावर हौसेने चढतात. ही एम्प्रेस मिलची जागा, हे त्यांना कोणी सांगत नाही. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी ही गिरणी सुरू केली. इंदोऱ्याकडचे बेझनबाग हे नाव तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून पडले. १९८६ मध्ये गिरणी सरकारकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. भोंगा गेला तो गेलाच.

मुंबईत काळाचौकीला मात्र इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या जुन्या इमारती दुरुस्त करून वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. याच समूहातली सहा क्रमांकाची गिरणी म्हणजे दादरची इंदू मिल. तिच्या जागेवर बाबासाहेबांचे स्मारक होत आहे.

बंधू-भगिनींनो, एक तरी गिरणी जपली जाते याचा आनंद आहे. पण तेथे साचा मांडतील, तेव्हा धोटाही मांडतील. त्या धोट्याची गोष्ट लिहितील काय?

कांडी संपली की विणकर नवी कांडी धोट्यात घाली आणि सुताचे टोक भोकातून तोंडाने ओढून घेई. तोच धोटा मग दुसऱ्याच्या ओठाला लागे. एवढ्या कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणखात्यात येऊ देत नसत. पगार मात्र त्याच खात्यात बरा! आणि वाट अडवणारा कोण? शेजारचा कामगारच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक ठेवला. आपल्या नागपूरकडे तर महारांच्या घरी हातमाग असत. जाडेभरडे कापड विणणे हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. विणकाम येत असून ओठांमुळे अडवले गेले! ही पाटी त्या साच्याजवळ लागलीच पाहिजे.

दुसरे असे, की इमारत सुधारून तिकीट लावले आणि चाळीतली माणसे बाहेरच राहिली, तर तो खर्च कुणासाठी? एका शेडमध्ये पोरांना अभ्यासिका द्या, एकीत नाटक-जलशाला जागा द्या. नामकरणाला, मंगलपरिणयाला परवडेल असे एक सभागृह ठेवा. काळाचौकी-लालबागच्या लोकांनी हे आताच मागावे. उद्घाटनाची फीत कापल्यावर कोण ऐकतो?

आणि आपण नागपूरकरांनी? जुन्या कामगारांच्या घरी पत्र्याच्या पेटीत एखादी पगारचिठ्ठी असेल, एखादा बिल्ला असेल. या रविवारी पेटी उघडा. आजोबांना विचारा, खाते कोणते, पाळी कोणती, पाणी कोठे प्यायचे. पोरांच्या हाती फोन आहेच, आवाज भरून ठेवा. आजीला तर आधी विचारा. वाइंडिंगला बायाच असत.