बोटीतलं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, चार दिवस माहेरी जायचं तरी आपली किती तारांबळ उडते! मग पाच मुलांना घेऊन उन्हाळाभर समुद्रावर, तेही एकटीनं, म्हटल्यावर? कॅनडातल्या म्युरिएल वायली ब्लँचेट या बाईंनी हे केलं.

व्हँकूव्हर बेटावर सिडनी गावाजवळ त्यांचं घर होतं. 1926-27 च्या सुमारास यजमान घरच्या मोटरबोटीतून एकटेच गेले, ते परत आलेच नाहीत. बोट तेवढी सापडली. पदरी पाच मुलं आणि पैसा बेताचा. बाईंनी तोड काढली. उन्हाळ्यात घर भाड्यानं द्यायचं आणि मुलांना घेऊन त्याच बोटीतून उत्तरेकडे निघायचं! पहिल्यांदा त्या बोटीत पाऊल ठेवताना त्यांच्या मनात काय आलं असेल, ते आपण बायकाच जाणू शकतो. पण असे कित्येक उन्हाळे त्यांनी काढले.

बोटीचं नाव ‘कॅप्रिस’. लांबी पंचवीस फूट, रुंदी साडेसहा फूट. म्हणजे आपल्याकडची एक बऱ्यापैकी खोली! तेवढ्यात सहा जणांचा संसार मांडायचा. किनाराही कसा? डोंगर थेट पाण्यात उतरलेले, खाड्या मैलोन् मैल आत शिरलेल्या, वस्ती विरळ. इंजिन बंद पडलं तर हाक मारायला कुणी नाही. म्हणून ते दुरुस्त करण्याचं काम बाई स्वतःच करीत.

दुसरी गोष्ट पाण्याची. तिथल्या प्रिन्सेस लुईसा खाडीचं तोंड इतकं अरुंद, की भरती-ओहोटीचं पाणी तिथून नदीच्या पुरासारखं धावतं. साधारण सहा तासांनी ते उलटतं आणि उलटण्यापूर्वी थोडा वेळ थबकतं. तेवढ्यातच आत शिरायचं. त्यासाठी भरतीचं कोष्टक आधी पाहायचं, चुकलं तर बाहेर मुकाट थांबायचं. घाई केली की घात!

आपल्याला काही बोट चालवायची नाही. पण आपल्या घराचं इंजिन आपल्याला ठाऊक आहे का? विजेचा मेन स्विच कुठे, पाण्याचा मुख्य कॉक कुठला, विम्याचे कागद कुठल्या कपाटात, बँकेत नॉमिनी म्हणून कुणाचं नाव? ‘हे सगळं तेच बघतात’ म्हणून आपण मोकळ्या होतो. मग ते फिरतीवर असताना नेमका नळ फुटतो आणि आपण घरभर धावत सुटतो.

तेव्हा एका रविवारी चहा झाला की यजमानांना शेजारी बसवा आणि हे सगळं एका वहीत उतरवून घ्या. नुसतं लिहू नका, कॉक एकदा स्वतःच्या हातानं बंद करून पाहा. त्यात अशुभ काही नाही. उलट त्यांच्याही जिवाला स्वस्थता वाटेल.

या भटकंतीवर बाईंनी ‘द कर्व्ह ऑफ टाइम’ हे पुस्तक लिहिलं. ते 1961 साली निघालं आणि त्याच वर्षी त्या वारल्या. त्या किनाऱ्यावर बोटीनं हिंडणारे लोक ते पुस्तक आजही आवडीनं वाचतात. बाई धाडसी होत्या, यात शंकाच नाही. पण त्या धाडसासाठी त्यांनी आपले हात इंजिनच्या तेलानं माखून घेतले होते, हे विसरू नका!