आपोआप, पण कोणाच्या सोयीने?

आखातात नोकरीला जाणारा गोमंतकीय असो की प्रवासी बोटीवर चढणारा आपला तारवटी असो, त्याच्या खिशात हल्ली फोन एकच असतो, पण त्यात दोन नंबर नांदत असतात. एक मायदेशीचा, बँकेशी जखडलेला. दुसरा परमुलखात स्वस्त इंटरनेट मिळावे म्हणून घेतलेला प्रवासी ई-सिम. नखाएवढे कार्ड हाताने बदलण्याचा व्याप ई-सिममुळे संपला, हे निर्विवाद. 2018 साली आयफोनात ही सोय आली. 2022 च्या आयफोन 14 मध्ये तर अमेरिकेपुरती कार्डाची खाचच उरली नाही.

आता प्रश्न आहे तो पुढच्या पावलाचा. कोणत्या लाइनवरून डेटा घ्यावा, हे फोननेच परस्पर ठरवावे अशी कळ आयफोनात आहे आणि अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांतही आली आहे. निवडलेल्या लाइनचे जाळे क्षीण झाले की फोन निमूटपणे दुसरीकडे वळतो. घरी असताना हे वरदानच. परंतु परदेशात ती दुसरी लाइन म्हणजे घरची लाइन, आणि तिच्यावर डेटा रोमिंग चालू राहिलेले असेल, तर मीटर मायदेशीच्या कंपनीचा फिरू लागतो. यंत्राला जाळ्याची ताकद समजते. दर समजत नाही.

मग घरची लाइन बंदच का करू नये, असे कोणी विचारील. पण बँकेचा ओटीपी तिच्यावरच येतो. ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना ही दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने 2009 पासून सक्तीची केली, आणि ते योग्यच झाले. परिणामी परदेशस्थ माणसाची गत धरले तर चावते, सोडले तर पळते अशी होते. संयुक्त अमिरात, ओमान, कतार, सौदी अरबस्तान आदी दहा देशांतील अनिवासी भारतीयांना तिथल्या नंबरवरून यूपीआय वापरण्याची मुभा 2023 च्या जानेवारीत मिळाली खरी. पण दर आठवड्याला नवे बंदर पाहणाऱ्या तारवट्याने कोणत्या देशाचा नंबर सांगावा?

त्याच्यापुढे तर आणखी एक सापळा असतो. बंदर मागे पडले की किनाऱ्याचे जाळे विरते आणि बोटीवरचे उपग्रहाधारित जाळे त्याची जागा घेते. त्याचे दर वेगळे, आणि जबर. युरोपीय संघाने 15 जून 2017 रोजी सदस्य देशांमधील रोमिंगचा जादा आकार रद्द केला, पुढे ती सवलत 2032 पर्यंत वाढवली. पण बोटीवरचे व विमानातले जाळे त्या छत्राबाहेरच राहिले. तिथे निदान 50 युरोंच्या आसपास सेवा आपोआप थांबवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. आपोआप घडायचे असेल तर ते असे घडावे!

वास्तविक उपाय फोनातच आहे. घरची लाइन कॉल व संदेशांपुरती चालू, तिच्यावरील डेटा रोमिंग बंद, आणि स्वयंचलित बदलाची कळही बंद. बोट सुटताना फोन विमान मोडवर टाकून गरजेपुरते वाय-फाय घ्यावे. मात्र या तीन निरनिराळ्या कळा आहेत, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. आणि त्या सेटिंग्जच्या अरण्यात कुठे दडल्या आहेत, हे शोधता शोधता आम्हीही एकदा घामाघूम झालो आहोत.

ग्राहकाने सावध राहावे, हा उपदेश आम्हांला पुरेसा वाटत नाही. परदेशात डेटा घरच्या लाइनवर वळण्यापूर्वी फोनने दर सांगून संमती विचारावी, आणि रकमेची मर्यादा गाठताच सेवा थांबावी, असा दंडक दूरसंचार नियामक प्राधिकरणाने घालून द्यावा. आमच्या सरकारच्या अनिवासी भारतीय व्यवहार खात्याला तर दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. तारवट्यांना बोटीवर जाण्यापूर्वी सुरक्षेचे सक्तीचे प्रशिक्षण घ्यावेच लागते. त्या वर्गात वाटण्यासाठी मराठी व कोकणीतून एक पानभर माहिती छापायला कितीसा खर्च येणार आहे?