संहिता कोठे आहे?

२०२२ साली एम.ए. मराठीच्या एका विद्यार्थिनीने संशोधन प्रकल्पासाठी विषय दिला होता : ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेममधील निवेदक. विषयमान्यतेच्या बैठकीत त्यावर फार तर तीन मिनिटे चर्चा झाली असेल. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, ‘‘पण याची संहिता कोठे आहे?’’ कोणीतरी हसले. मुलीला लोककथेवरचा एक निर्धोक विषय देण्यात आला, आणि तिने तो नीट पूर्णही केला. त्या बैठकीत प्रस्तुत लेखक हजर होता आणि गप्प होता. तो गेम मी खेळलेलाच नव्हता, आणि न वाचलेल्या पुस्तकावर मत न देण्याचा शहाणपणा आपल्या क्षेत्रात दुर्मिळ असला तरी त्या दिवशी तो माझ्या अंगी होता. (शहाणपणा की भित्रेपणा, हे वाचकांनी ठरवावे.)

पुढे दिवाळीच्या सुट्टीत भाच्याच्या यंत्रावर ‘राजी’ खेळलो. सरावलेली मुले तो पाच-सहा तासांत संपवतात. मला अकरा दिवस लागले. आणि त्या अकरा दिवसांत एक गोष्ट लक्षात आली, की सहकाऱ्यांचा प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. तो फक्त फार लवकर मिटवला गेला होता.

व्हिडिओ गेमविषयी मराठीत लिहिले जात नाही असे नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली तेव्हा लिहिले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संसदेने संमत केला तेव्हाही लिहिले गेले. डोळे, झोप, अभ्यास, कर्ज हे त्या लेखनाचे विषय. ते गैरलागू आहेत असे मुळीच म्हणायचे नाही. पण कादंबरीविषयी एखाद्या भाषेत फक्त ‘वाचनाने चष्मा लागतो का’ एवढेच लिहिले गेले असते, तर त्या भाषेत कादंबरीची समीक्षा आहे असे आपण म्हटले नसते. दुसरा सूर अभिमानाचा. पुण्याच्या मुलामुलींनी केलेला गेम जगभर गेला, आपली पुराणे, आपले वास्तुशिल्प, वगैरे. हा सूर अधिक धोक्याचा, कारण तो समीक्षेसारखा दिसतो.

‘राजी’ची हकीकत अभिमान वाटावा अशीच आहे, हे आधी मान्य करून टाकू. नॉडिंग हेड्स गेम्स हा पुण्यातला छोटा स्टुडिओ. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी काम सुरू राहिले, ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर. त्या वर्षीच्या ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याचे नामांकन होते. राजस्थानी वाडे-किल्ल्यांची आणि पहाडी चित्रशैलीची छाया त्यातल्या प्रत्येक भिंतीवर आहे, आणि ती उसनी वाटत नाही. इथवर कोणाचा वाद नसावा.

कथा साधी आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणाऱ्या फडातली मुलगी. तिचा धाकटा भाऊ गोलू याला असुर पळवून नेतात, आणि ती त्याच्या शोधात निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचे धनुष्य मिळते. आता या मुलीच्या हातापायांकडे पाहा. ती खांबाला धरून गरकन फिरते आणि त्या फिरण्याच्या जोरावर शत्रूला आडवे करते. भिंतीवरून दोन पावले धावून मागे उलटी उडी घेते. म्हणजे देवीने शस्त्र दिले असले तरी लढण्याची विद्या फडातलीच आहे. डोंबाऱ्याचा खेळ ज्याने रस्त्यावर पाहिला आहे, त्याला हा पदन्यास तत्काळ ओळखू येईल. त्यात कॅमेरा उंचावर, दूर. प्रचंड प्रासाद आणि त्यात बोटाच्या पेराएवढी मुलगी. तिचा चेहरा आपल्याला क्वचितच दिसतो; दिसते ती तिची धडपड. पोट भरण्यासाठी शिकलेली कला एक दिवस जीव वाचवण्यासाठी वापरावी लागते, हा या गेमचा खरा आशय आहे. तो कोठेही शब्दांत सांगितलेला नाही. तो खेळाडूच्या अंगठ्यांना कळतो. चौथ्या दिवशी मला पहिल्यांदा खांबावरची फिरकी साधली तेव्हा भाचा म्हणाला, ‘‘मामा, आता तू राजी झालास.’’ समीक्षेच्या परिभाषेत याला काय म्हणावे, मला अजून ठरवता आलेले नाही.

पण मग निवेदक येतात. दुर्गा आणि विष्णू वरून हे सगळे पाहत आहेत आणि आपसांत राजीविषयी बोलत आहेत. कल्पना उत्तम, देवतांच्या संवादात कथा बसवणे ही आपल्या पुराणांची मूळ रचनाच आहे. प्रत्यक्षात मात्र हे निवेदन रिकामे वाटते. राजी एखाद्या भित्तिचित्रापाशी थांबते, निवेदक त्या चित्रातली देवादिकांची कथा सांगतात, कथा संपते, राजी पुढे जाते. तीच कथा ऐकली नसती तर पुढची लढाई तसूभरही वेगळी झाली नसती. राजी कड्यावरून पडते, निवेदक गप्प. दहा वेळा पडते, तरी गप्प. खेळाडूचे अपयश त्यांच्या कानावर जातच नाही. हे बोलणे मुळात इंग्रजीत होते, म्हणून परके वाटते असे कोणी म्हणेल. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, आणि ते कानाला बरे वाटतात, पण दुखणे तेच राहते. ते भाषेचे नाही, निवेदक आणि कृती यांच्या नात्याचे आहे.

या गेममध्ये कथेचे महत्त्वाचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात येतात. कुडाळजवळच्या पिंगुळीची आठवण येणे अपरिहार्य आहे. तेथील ठाकर कलावंतांनी चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा टिकवून धरली आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली त्यासाठी पद्मश्री मिळाली. सुट्या चित्रांची पोथी पुढ्यात ठेवून चित्रकथी एकेक चित्र दाखवत, गात, बोलत कथा पुढे नेतो. हा प्रयोग मी एकदाच पाहिला आहे. समोरची मुले चुळबुळ करू लागली तेव्हा सांगणाऱ्याने युद्धाचे चित्र जरा लवकर काढले, आणि एका म्हातारीने मध्येच काही विचारले तर तिला कथेच्या आतूनच उत्तर दिले. सांगणारा ऐकत होता. ‘राजी’ने पिंगुळीसारखे दिसणारे रूप घेतले आहे, पण हा सांगणाऱ्याचा कान घेतलेला नाही.

गेमच्या माध्यमाला तो कान असूच शकत नाही, असे म्हणावे तर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चे उदाहरण आडवे येते. २००३ सालचा हा गेम जॉर्डन मेक्नर यांनी लिहिला, माँट्रियलच्या युबिसॉफ्ट स्टुडिओने बनवला. (मूळ ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या कॉम्प्युटर क्लासांत सर बाहेर गेले की जो गेम सुरू होई, तोच.) यात राजपुत्र स्वतःच आपली कथा भूतकाळात सांगतो आहे. खेळाडूच्या चुकीने राजपुत्र खड्ड्यात पडून मेला, की निवेदकाचा आवाज गोंधळतो आणि म्हणतो, छे, असे नव्हते घडले, पुन्हा सांगतो. खेळाडूने खेळ तिथवर जतन केला तर तो म्हणतो, पुढच्या वेळी इथूनच सुरू करीन. आणि शेवटी कळते की हा निवेदक हवेत बोलत नव्हता : कथा सुरू होण्याच्या अलीकडच्या एका रात्री, जिला यातले काहीच आठवणे शक्य नाही अशा फराहला तो हे सांगत होता, कारण काळ मागे फिरल्यामुळे तिच्या लेखी यातले काहीच अजून घडलेले नाही. खेळाडूचा प्रत्येक पराभव निवेदकाची एकेक चूक ठरतो. कथनमीमांसेच्या तासाला अविश्वसनीय निवेदक शिकवताना आपण जी उदाहरणे घेतो, त्यांत मला यापेक्षा नेमके उदाहरण सहज सापडत नाही. निवेदकावर अविश्वास दाखवण्याचे काम येथे वाचकाचा अडखळणारा हात करतो.

योगायोग असा, की याच गेमची नवी आवृत्ती २०२० च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झाली तेव्हा ती युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंत बनत होती. म्हणजे त्या पावसाळ्याच्या शेवटी निवेदनाचे हे दोन विरुद्ध नमुने एकाच शहरात टेबलांवर होते. ट्रेलरमधल्या चित्रांवर जगभरातून टीका झाली, २०२२ च्या मे महिन्यात काम माँट्रियलकडे गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये तो प्रकल्प रद्दच करण्यात आला. चेहरे जुनाट दिसतात की नाही, यावर तेव्हा हजारो मते व्यक्त झाली. त्या निवेदकाचे नव्या आवृत्तीत काय होणार होते, हा प्रश्न माझ्या वाचनात कोठेही आला नाही.

नियमांतून अर्थ सांगणे आपल्याला नवे आहे असेही नाही. मोक्षपट घ्या. परंपरा त्याचे जनकत्व ज्ञानेश्वरांकडे देते. ते ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध करणे कठीण, पण तूर्त तो मुद्दा नाही. सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरात साप, आणि चाल ठरवणार फासा. खेळणाऱ्याने कितीही सज्जन असावे, फासा पडला की सापाच्या तोंडी जावेच लागते. कर्म आणि संचित यांविषयीचे एक अस्वस्थ करणारे विधान त्या पटावर आहे, आणि ते घरांवरच्या नावांत कमी व फाशात जास्त आहे. घरांची नावे बदलून इंग्रजांनी त्याचा मुलांचा खेळ केला, तरी फासा तोच राहिला.

या कसोटीवर पुण्याच्याच सुपरगेमिंगचा ‘इंडस बॅटल रॉयल’ (ऑक्टोबर २०२४) पाहिला तर फार वेळ थांबावे लागत नाही. सिंधू संस्कृतीच्या भविष्याची कल्पना, विरलोक नावाचे जग, घडवलेले मुखवटे हे सारे घरांवरच्या नावांसारखे. नियम पबजीचेच : उतरा, शस्त्रे गोळा करा, शेवटपर्यंत उरा. एकच नियम निराळा आहे. सामन्याच्या अखेरीस ‘कॉस्मियम’ हस्तगत केले तर शेवटच्या शत्रूला न मारताही जिंकता येते. सगळ्या सजावटीपेक्षा ही एक ओळ मला बोलकी वाटली. तिचा पुढे कोणी विचार केला असता, तर त्यातून खरोखर वेगळा खेळ निघाला असता.

‘वेन्बा’ मात्र वेगळ्या पायरीवरचा आहे. टोरांटोच्या विसाई गेम्सचा, जुलै २०२३ मधला, दीड-दोन तासांत संपणारा. कॅनडात स्थायिक झालेले तमिळ कुटुंब, आईकडून आलेली पाककृतींची वही, आणि तिच्यातली फाटलेली, पुसट झालेली पाने. खेळाडूने करायचे ते एवढेच, की गाळलेल्या पायऱ्या अंदाजाने भरून इडली, बिर्याणी, रसम करायचे. पण पुढे वही मुलाच्या हाती येते, आणि त्याला तमिळ धड वाचता येत नाही. तेव्हा स्वयंपाकघरातली तीच कृती अवघड होऊन बसते. चुकतो तो पदार्थ, पण हरवलेले असते ते दुसरेच काही. यात कोणी भाषेच्या ऱ्हासावर भाषण करत नाही. २०२४ साली पदार्पणाच्या गेमसाठीचा बाफ्टा पुरस्कार त्याला मिळाला. मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते हे, की आजीच्या हातची मोडी मिश्रित वही ज्यांच्या माळ्यावर पडून आहे अशी कितीतरी घरे सदाशिव पेठेत मी जाणतो, आणि त्यांपैकी कोणालाही हा गेम समजावून सांगावा लागणार नाही.

तेव्हा सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे देता आले असते : संहिता पटकथेत नाही, भित्तिचित्रांतही नाही, खेळाडूला काय करता येते, काय करता येत नाही, आणि त्याने चूक केली की सांगणारा काय म्हणतो, यांत ती आहे. आणि ‘राजी’मधला निवेदक हा प्रकल्पाचा विषय चांगला होता तो याचसाठी, की तो त्या गेमचा सर्वांत कच्चा भाग आहे. त्या मुलीला हे तेव्हाच दिसले होते. तिच्या टिपणाची प्रत बैठकीच्या कागदांत होती. मी ती या महिन्यात पहिल्यांदा वाचली. पहिल्याच परिच्छेदात तिने लिहिले आहे, की देव बोलत राहतात पण राजी पडल्यावर त्यांना दुःख होत नाही.

ती आता बाणेरच्या एका स्टुडिओत काम करते. पात्रांचे संवाद लिहिते, इंग्रजीत. मग कोणी त्यांचे हिंदी करते. फोनवर मी विचारले, मराठीत कधी? ती म्हणाली, ‘‘सर, अजून कोणी मागितले नाही.’’ मग थोडे थांबून तिने विचारले की तिचा तो विषय यंदा दुसऱ्या कोणाला घेता येईल का. विषयांच्या यादीत मी तो मार्गदर्शक म्हणून माझ्या नावापुढे लिहून दिला आहे. बैठक पुढच्या आठवड्यात आहे.