किल्ली शेटजींच्या घरी

८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागातील एका इमारतीला आग लागली. आत छोटे छोटे कारखाने होते आणि कामगार तिथेच झोपत असत. ४३ जण दगावले. त्यांतले बहुतेक भाजून नव्हे, धुराने गुदमरून गेले.

वाचकहो, आग म्हटली की आपल्याला ज्वाळा आठवतात. पण माणसापर्यंत आधी पोचतो तो धूर. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोराने चिकटतो. मग डोके जड होते, काही सुचेनासे होते, पाय लटपटतात. म्हणजे दार शोधायला जी शुद्ध आणि जे पाय लागतात, तेच आधी जातात. नाकावर ओला रुमाल धरला तर काजळी थोडी अडेल, हा वायू अडत नाही. धूर वर चढतो म्हणून वाकून, वेळ पडल्यास रांगत निघावे हे खरे. पण निघायचे कुठे?

आपल्या गावातले कपडे शिवण्याचे कारखाने, गोदामे, दुकानांवरचे पोटमाळे पाहा. जिना एकच, त्यावर मालाचे गठ्ठे. मागच्या दाराला कुलूप. विचारले तर उत्तर ठरलेले, "चोऱ्या होतात हो डॉक्टर. किल्ली शेटजींच्या घरी असते." हे उत्तर नवे नाही. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ रोजी ट्रँगल कंपनीच्या शिवणकारखान्यात १४६ जण गेले, बहुतेक तरुण मुली. तिथेही एका जिन्याचे दार कुलूपबंद होते आणि कारण चोरीचेच सांगितले जाई.

आपल्याकडे १९४८ चा कारखाना कायदा झाला तेव्हाच त्याच्या ३८ व्या कलमात लिहिले होते की, खोलीत माणूस असेपर्यंत बाहेर पडायचे दार आतून सहज आणि ताबडतोब उघडता आले पाहिजे, आणि सरकते नसेल तर ते बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे. पुढे कायदे बदलले, पण यातले शहाणपण जुने झालेले नाही. घाबरलेली माणसे दारावर रेटतात. दार आत उघडणारे असेल तर त्यांच्याच भाराने ते बंद राहते. चोरीची भीती खोटी नाही, मालकांचे नुकसान होते हेही मान्य. पण बाहेरून न उघडणारी आणि आतून हाताने सरकणारी कडी कोणताही लोहार करून देईल. तिला किल्ली लागत नाही.

दुसऱ्याला सांगण्याआधी मी माझा दवाखाना पाहिला. मागच्या दारासमोर सलाइनची रिकामी खोकी रचलेली, कडी गंजलेली. खोकी त्याच दिवशी हलवली, कडीला तेल घातले. दार मात्र आतल्या बाजूला उघडते. सुतार सोमवारी येणार आहे.