हेल्मेट भारीतलं घेतलंत, पण सरावाचं काय?

मंडळी, आज विषय अमेरिकन फुटबॉलचा. लांबचा वाटेल, पण आपल्याच तालुक्यातली कितीतरी पोरं तिकडे नोकरीला आहेत आणि त्यांची मुलं तिथल्या हायस्कुलात शिकतात. त्यातलं एखादं हा खेळ खेळू लागलं की इकडे आजी-आजोबांना सांगितलं जातं, "हेल्मेट एकदम भारीतलं घेतलंय, काळजी नको."

काळजी करा. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, ते त्याचं काम. पण धावणारं डोकं एकदम थांबलं की मेंदू आतल्या आत हिसका खातो, आणि तो हिसका कोणतंही हेल्मेट पूर्ण अडवू शकत नाही. पिट्सबर्गचा नावाजलेला खेळाडू माइक वेबस्टर २००२ साली वयाच्या ५०व्या वर्षी वारला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डोक्याला वारंवार मार बसून होणारा सीटीई हा आजार सापडला. वेबस्टर काय बोडक्या डोक्याने खेळला होता? सगळी कारकीर्द हेल्मेटमध्येच गेली त्याची!

आता खरी मेख ऐका. सहा अमेरिकन विद्यापीठांच्या संघांचा पाच हंगाम अभ्यास झाला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला मार बसण्याच्या, ७२ टक्के घटना सामन्यात नव्हे, सरावात घडल्या होत्या! जिथे प्रेक्षक नाहीत, गुण नाहीत, चषक नाही, तिथे आपल्याच संघातल्या पोरांनी एकमेकांची डोकी आपटायची. कशासाठी? तर "अंगात रग यायला हवी" म्हणून.

ही रग वगैरे सगळी थाप आहे. डार्टमथ कॉलेजचे प्रशिक्षक बडी टीव्हन्स यांनी २०१० मध्येच सरावात एकमेकांना धडकून पाडणं बंद केलं. पोरं गाद्यांवर आणि पुतळ्यांवर सराव करू लागली. पुढे तिथल्याच इंजिनिअरिंगवाल्यांनी पळणारा यांत्रिक पुतळा बनवून दिला. संघ मऊ पडला का? २०१५ मध्ये आयव्ही लीगच्या संयुक्त विजेतेपदात डार्टमथ होतं. २०१६ मध्ये लीगच्या आठही प्रशिक्षकांनी एकमताने, हंगाम सुरू असताना सरावात धडकून पाडणं बंद करायचं ठरवलं. त्याच वर्षी किकऑफची रेषा फक्त पाच यार्ड पुढे सरकवली. दर हजार किकऑफमागे कन्कशन साधारण ११ होती, ती दोनवर आली. खर्च किती? मैदानावर चुन्याची रेघ मारायचा!

साधनांना मी नावं ठेवत नाही. २०२२ पासून एनएफएलने सरावात काही खेळाडूंना हेल्मेटवर मऊ टोपी सक्तीची केली, तिचा फायदा झाल्याचं लीग सांगते. चांगलंच आहे, घाला. पण टोपी घातली म्हणून रोज टकरा मारायचा परवाना मिळत नाही. वस्तू विकत घेणं सोपं असतं, पावती दाखवता येते. प्रशिक्षकाची जुनी सवय मोडायला मात्र कुणालातरी वाईटपणा घ्यावा लागतो.

कॅलिफोर्नियाने तो घेतला. २०१४ साली कायदा करून हंगामात शाळांचे पूर्ण धडकेचे सराव आठवड्याला दोनच, तेही ९० मिनिटांच्या आत, असं बंधन घातलं. मोठ्या एनएफएलमध्येही २०११ च्या करारात असे सराव पूर्ण हंगामात १४ वर आणले. लाखो डॉलर घेणाऱ्या पैलवानांना जपायचं आणि पंधरा वर्षांच्या पोराला मात्र रोज झोडपायचं, हा कुठला न्याय?

म्हणून ज्यांची मुलं तिकडे खेळतात, त्यांना ही पोस्ट पाठवा. प्रशिक्षकाला तोंडावर विचारायला सांगा: आठवड्यात धडकेचा सराव किती दिवस? किती मिनिटं? मार बसल्यावर पोराला बाहेर काढायचं कोण ठरवतं? उत्तर देताना तो हेल्मेटच्या कंपनीचं नाव सांगू लागला, तर समजा, पाणी मुरतंय.